खेप संपली की गाडी कोणी काढायची?

सोमवार, ३ फेब्रुवारी

भिंगरी,

आणि वर आमच्या धुलाईचा मॅनेजर मला म्हणतो, "बाई, तुमचा हात जड आहे." हात जड! ओल्या चादरींचे गठ्ठे ओढायचे असतात तेव्हा माझा हात जड असलेला चालतो. आता तुमच्या कंपनीचं हे नवं मशीन दुपार झाली की मटकन बसतं, तर म्हणे हात जड. बटण दाबायला मी काय हातोडी घेते?

नीट सांगते, नाहीतर म्हणशील आत्या नुसती तोंड सोडते. सकाळी मशीन झकास चालतं. एक खेप काढली की दुसरी, दुसरी काढली की तिसरी. दुपार कलली की कधीतरी भर खेपेत ते थांबतं. ड्रम थांबतो, पडद्यावरचे आकडे थांबतात आणि दार काही केल्या उघडत नाही. आत दवाखान्याच्या चादरी साबणात बुडालेल्या, बाहेर मी काचेत स्वतःचं थोबाड बघत उभी. मग मॅनेजर येतो. आम्ही पाठीमागे त्याला इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या सदऱ्यावर सुरकुती बसायला घाबरते. तो माझ्याकडे बघतो, मशीनकडे बघतच नाही. संध्याकाळी तुमच्या कंपनीचा माणूस येतो. खाली पाईप लावतो, बादली ठेवतो, मागचं झाकण उघडतो, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुडतो, मशीन बंद करतो, चालू करतो. झालं. मशीन शहाण्यासारखं चालायला लागतं आणि खापर माझ्या डोक्यावर. "आता कसं चालतंय बघा," म्हणतो इस्त्री.

परवा त्याने बोलून टाकलं. मार्च लागेपर्यंत हे थांबलं नाही तर ड्रम त्याच्या मेव्हणीकडे आणि मी घडीच्या टेबलावर. मेव्हणी म्हणजे दहा बोटांत अंगठ्या. ती पाण्यात हात घालणार! आणि घडीचं टेबल काय असतं ते तुला माहीत नाही. तिथे बाईला कोणी काही विचारत नाही. ड्रमवाली ठरवते कुठली खेप आधी, पाणी किती गरम, डाग कशाचा. घडीच्या टेबलावर ठरवायचं काय, चौकोनी की लांबट?

आणि या मशीनच्या मागे तुमच्या कंपनीचा बिल्ला आहे. मीच सगळ्यांना दाखवला होता. म्हटलं, माझ्या भावाची मुलगी लिहिते यातलं सगळं. आता मशीन बसलं की आमची लांबडी, ती पिळणीवरची, मोठ्याने विचारते, "भाचीबाईंची झोपायची वेळ झाली वाटतं?" हसतात मेल्या.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि विसरतेस. म्हणून कागद. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं लिहायला किती वेळ लागला ते विचारू नको. मशीनला काय झालंय ते सांग, आणि तुमच्यातल्या कोणाचा हात जड आहे तेही सांग.

आत्या


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आत्या,

फोन उचलत नाही कारण फोनवर तू श्वास घेत नाहीस. पत्रात निदान मधे पूर्णविराम असतात.

तुझा हात जड नाही. तुझ्या मशीनच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्याने काय करायचं ते आम्ही सी नावाच्या भाषेत लिहून देतो. ही भाषा जुनी आहे, वेगवान आहे आणि तुझ्यासारखीच खाष्ट आहे. ज्याने सांडलं त्याने पुसायचं, ती कोणाच्या मागे फिरून आवरत बसत नाही. मेमरी, म्हणजे लक्षात ठेवायची जागा, मागितलीस ना, मग काम झाल्यावर तूच परत कर. नाही केलीस तर ती तशीच अडून राहते.

तुमच्याकडे ढकलगाड्या आहेत ना, तसं समज. प्रत्येक खेपेला प्रोग्रॅम मेमरीतून एक गाडी मागून घेतो. त्या गाडीत खेपेची सगळी माहिती भरतो: पाणी किती, गरम किती, साबण कधी, पिळायचं कधी. खेप संपली की गाडीतला माल टाकायचा असतो आणि रिकामी गाडी परत करायची असते. ही दोन वेगळी कामं आहेत. मी एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं काम, त्या नावाने हाक मारली की ते होतं. माझ्या फंक्शनचं नाव लोड_क्लीनअप, म्हणजे खेपेची आवराआवर. ते गाडीतला माल टाकतं आणि गाडी ठेवतं. मुद्दाम ठेवतं, कारण तुझ्याकडे ते "पुन्हा खळबळा" बटण आहे ना, त्याला तीच गाडी परत लागते.

आता माझ्या शेजारी एक जण बसतो. त्याला आम्ही दाढी म्हणतो, का ते त्याला बघितल्यावर कळेल. खेप संपण्याचा भाग त्याने लिहिला. त्याने नाव वाचलं, क्लीनअप, आणि धरून चालला की गाडीसुद्धा जाते. प्रत्येक खेपेच्या शेवटी त्याने माझ्या फंक्शनला हाक मारली आणि हात झटकले. माल जात राहिला, रिकाम्या गाड्या बोळात साठत राहिल्या. दुपारपर्यंत बोळ गच्च. नव्या खेपेची गाडी कशीबशी शिरली, पण भर खेपेत हलायलाही जागा उरली नाही. मशीन बसलं.

फंक्शन माझं आहे, पण चूक माझी नाही. ते जे करायला हवं तेच करतं. वर टीपसुद्धा आहे: "लोडचं क्लीनअप करते." दाढीने आत डोकावून बघायला काय झालं होतं? आमचं यावरून चांगलंच वाजलंय. मी आमच्या साहेबांना सांगितलंय, दुरुस्ती करू. तोवर धीर धर आणि कृपा करून मशीनला लाथ मारू नकोस. तू मारली असशील. मला माहीत आहे.

भिंगरी


मंगळवार, ११ फेब्रुवारी

भिंगरी,

एकदाच मारली. आणि ती जुन्या सवयीने.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, लांबडीने एकदा. गाड्यांचं कळलं. पण ती टीप! कामाचं नाव क्लीनअप आणि वर लिहिलंय काय, तर क्लीनअप करते. म्हणजे दारावर पाटी लावायची, "हे दार आहे." ही टीप लिहायला तुला पगार देतात? तुझ्या बापाला मी तुला शिकवायला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी काहीतरी मोठं करेल.

दाढीचं मात्र मला पटलं. मी लांबडीला म्हटलं, "तेवढं आवर," तर ती सगळं उचलून भंगारात घालते. तिला शंभरदा सांगितलंय की आवर म्हणजे बाजूला ठेव. ती म्हणते, मग तसं म्हण ना. आम्ही दोघी यावरून रोज भांडतो आणि रोज तेच करतो. तेव्हा तुझं नि दाढीचं काय व्हायचं ते होवो.

पण एवढा घोळ घालता कशाला? ती तुमची मेमरी काय असेल ती, खेप संपली की अख्खी झटकून टाका. गाडी, माल, बोळ, काय असेल ते सगळं. काही ठेवायचंच नाही. मग कोणी काय ठेवलं आणि कोणी काय टाकलं हा प्रश्नच नको. हे एवढं साधं तुमच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही?

तुम्हाला जमणार नाही ते मी करून मोकळी झाले. तुमचा माणूस काय करतो ते मी नीट बघून ठेवलं होतं. पाठ करून उभा राहतो, पण समोरच्या काचेत सगळं दिसतं. बंद करतो आणि चालू करतो, एवढीच त्याची विद्या. तर भिंतीवर मोठा स्विच आहे, लाल दांड्याचा. जेवायला जायच्या आधी मी तो खाली ओढते, जेवून आले की वर करते. पाईप नि बादलीचं नाटक मी केलंच नाही, ते तो पैसे लावायला करत असणार. आठवडा होत आला, मशीन एकदाही बसलेलं नाही!

इस्त्री सगळ्यांना सांगत फिरतो की त्याने दम दिला म्हणून मी सुधारले. फिरू दे. ड्रम माझ्याकडे राहिला की झालं. लांबडी भाचीबाईंवर बोलायची थांबली आहे, आता तिला बोलायला काही सापडत नाही म्हणून ती हैराण आहे.

तुमच्या साहेबाला सांग, दुरुस्ती राहू दे, आत्याने केली.

आत्या


शनिवार, १५ फेब्रुवारी

आत्या,

सांगितलं. आणि पस्तावले.

आधी तुझ्या अक्कलहुशारीबद्दल. अख्खी मेमरी झटकता येत नाही. तीत फक्त खेपेच्या गाड्या नसतात. ड्रममध्ये पाणी आहे, ते गरम आहे, दाराला कुलूप लागलेलं आहे, हेही प्रोग्रॅमने तिथेच लक्षात ठेवलेलं असतं. सगळंच झटकलं तर मशीनला वाटेल आपण आत्ताच जन्मलो. म्हणून काय टाकायचं, काय ठेवायचं आणि ठेवलेलं पुढे कोणी टाकायचं हे ज्याचं त्याने बघायचं असतं. याला तू घोळ म्हणतेस. मी याला नोकरी म्हणते.

आता साहेबांचं ऐक. तुझी स्विचची करामत (वीज गेली की मेमरी रिकामी होते, म्हणून ती चालते) मी हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. खुर्चीतून उठले! म्हणाले, "तुमच्या आत्याला नमस्कार सांगा." मग लगेच मशीनबरोबरच्या माहितीपुस्तकात एक ओळ घालायला लावली, "दिवसातून एकदा मशीन बंद करून पुन्हा चालू करावे." माझी दुरुस्ती पुढच्या वर्षावर. म्हणाले, ग्राहक स्वतःच आवरत असेल तर आपण कशाला आवरायचं? ती ओळ आता सगळ्या धुलायांना जाणार. तुझी कीर्ती दूरवर पसरली, आत्या. अभिनंदन.

दाढीशी बोलणं बंद आहे. त्याचं म्हणणं, नाव लोड_फ्री करा आणि गाडीही तिथेच टाका. सी लिहिणारे फ्री म्हणजे सगळं गेलं असंच समजतात, त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. मी म्हटलं, मग "पुन्हा खळबळा" दाबल्यावर टाकून दिलेली गाडी शोधायला तू जाणार का? जी गाडी परत केली तिच्यात हात घातला की काय हाताला लागेल सांगता येत नाही, दुसऱ्या कोणाचा माल असेल. त्यावर तो म्हणाला, मग तुझ्या टिपेत हे लिहिलंस का नाही. मी चहा न पिता उठले.

स्विच मशीन रिकामं असतानाच ओढत असशील, ते तुला काय सांगायचं. तूच तर ड्रमवाली.

भिंगरी


मंगळवार, १८ फेब्रुवारी

भवाने,

"रिकामं असतानाच ओढत असशील." हे वाक्य आज संध्याकाळी पत्रातून माझ्या हातात पडलं, तेव्हा माझे बूट पायरीवर उलटे वाळत होते. ते सकाळी का नाही आलं?

आज गर्दी होती. दोन दवाखान्यांचा माल एकदम आला. जेवणाची वेळ झाली तेव्हा ड्रममध्ये उकळत्या पाण्याची खेप होती. मी म्हटलं, खेप थांबेल, आले की पुढे चालू होईल, एवढंच ना. ओढला दांडा. अजून लांबडी पदराला हात पुसतेय तोवर दाराने टक् केलं. आत पाणी काचेच्या अर्ध्यावर होतं. चादरींच्या वजनाने दार आपोआप उघडलं आणि सगळं पाणी साबणासकट फरशीवर. मी वर चढले टेबलावर. लांबडीच्या पायात रबरी बूट होते म्हणून तिचे पाय वाचले, नाहीतर आज मी पत्र लिहीत बसले नसते, दवाखान्यात तिच्या उशाशी बसले असते. दोन मिनिटं आधी ती दारासमोर खाली बसून गाळणी साफ करत होती. तोंड अगदी दारासमोर. मला तेच दिसतंय, दुसरं काही दिसत नाहीये.

इस्त्री धावत आला आणि साबणावरून जो घसरला तो थेट पिळणीपर्यंत गेला. उभ्याने गेला, हे कबूल करायला पाहिजे. पडला नाही. त्याच्या विजारीला आयुष्यात पहिल्यांदा सुरकुती पडली. एरवी आम्ही आठवडाभर हसलो असतो. आज कोणी हसलं नाही.

त्याने विचारलं, स्विच कोणी ओढला. मी म्हटलं, दार का उघडलं ते विचार. तो म्हणाला, "मी तेच म्हणत होतो, बाई. हात." तीन मार्चच्या सोमवारपासून मेव्हणी ड्रमवर. लिहून भिंतीला लावलंय.

आता मला सांग, वीज गेली की दार उघडतं हे तुला माहीत होतं का? तुमच्या त्या माणसाला माहीत असणार. तो पाईप लावून आधी पाणी काढत होता. मी त्याला नाटक म्हटलं. पण त्याने एकदा तरी तोंड उघडून सांगितलं का? तुझ्या पत्रात आहे का कुठे? तू गाड्यांचं सांगितलंस, दाढीचं सांगितलंस, चहाचं सांगितलंस. कुलपाचं सांगितलं नाहीस. तुला वाटलं मला माहीत आहे. मला वाटलं असेल काही तर तू सांगशील.

आणि ती ओळ. ती सगळ्या धुलायांना गेली का? तिथेही कोणीतरी बाई दारासमोर बसून गाळणी साफ करत असेल. लगेच काहीतरी कर. आधी हे कर, मग माझ्याशी भांड.

आत्या


शनिवार, २२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या मी साहेबांच्या खोलीत गेले, दार न वाजवता. ती ओळ थांबली. छापलेली पुस्तकं अजून आमच्याच तळघरात होती. ओळ काढली, पण का काढली ते कुठेच लिहिलेलं नाही.

कुलपाचं मला माहीत होतं. आत कोणी अडकू नये म्हणून वीज गेली की ते सुटतं, आमच्या या मशीनमध्ये तसंच ठेवलंय. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. पण आत्या, चालू खेपेत दांडा ओढायलाही मी सांगितलं नव्हतं. आठवडाभर स्वतःची पाठ थोपटून घेतलीस, तेव्हा एकदा विचारायचंस. हे मी बोलणार आहे, तू रागावलीस तरी.

दुरुस्ती झाली. दाढी आणि मी दोघांनी बसून केली, बोलणं सुरू करावंच लागलं. क्लीनअप हे नाव आम्ही पुसून टाकलं. आता दोन फंक्शन आहेत, दोन नावांची, आणि दोघांवर टीप आहे. तुला पाटीचा फार राग ना, म्हणून मराठीत उतरवून पाठवते:

"लोड_क्लिअर: गाडीतला माल टाकते. गाडी टाकत नाही. तीच गाडी पुन्हा भरता येते. गाडी ज्याने मागितली, शेवटी ती लोड_फ्री वापरून परत करणं त्याच्याकडे."

"लोड_फ्री: माल आणि गाडी दोन्ही टाकते. यानंतर या गाडीला हात लावू नये. गाडी मुळात नसेलच तर काही न करता परत येते."

एवढंच. मग जुन्या नावाने जिथे जिथे हाक मारली होती त्या सगळ्या जागा उघडून बघितल्या, प्रत्येक ठिकाणी विचारलं, इथे गाडी ठेवायची की टाकायची? आणि ऐक, त्यातल्या तीन जागा मीच लिहिलेल्या होत्या आणि त्यातल्या एका ठिकाणी मीही गाडी विसरले होते. माझंच फंक्शन, मीच नाव दिलेलं. दाढीने ती ओळ नुसती बोटाने दाखवली. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी आमचा माणूस तुझ्याकडे नवा प्रोग्रॅम घालून जाईल. मशीन आता बसणार नाही. दांड्याला हात लावू नकोस.

आता वाईट बातमी. तुमच्या मॅनेजरचं कंपनीला पत्र आलंय, पाणी का बाहेर आलं म्हणून. उत्तराचा मजकूर साहेबांनी मला सांगितला: "चालू खेपेत मुख्य स्विच बंद केल्याने दार उघडले. यंत्रात कोणताही दोष आढळलेला नाही." प्रोग्रॅम माझा म्हणून सही मी करायची. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं कसं आहे ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, दोष होता, आम्ही काढला. ते म्हणाले, काढला ना, मग आता आढळेल का? माझी नोकरी अजून कच्ची आहे, जूनमध्ये पक्की व्हायची आहे, हेही त्यांनी सहज आठवण करून दिली.

मी अजून सही केलेली नाही. पण फंक्शनवर सगळं स्वच्छ लिहून ठेवलंय, काय होत नव्हतं आणि आता काय होतं. जो कोणी ते उघडेल त्याला कळेल. तेवढं पुरे नाही का?

भिंगरी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

भिंगरी,

नाही पुरे.

तुझ्या टिपा चांगल्या आहेत. मला कळल्या म्हणजे चांगल्या असणार. पण त्या मशीनच्या पोटात आहेत. इस्त्री मशीनचं पोट फाडून वाचणार आहे का? मेव्हणी वाचणार आहे का? तिथे लिहिलं ते तुझ्यासाठी आणि दाढीसाठी. इथे माझ्या हातून ड्रम जातोय.

तुमचा माणूस काल येऊन गेला. या वेळी पाठ केली नाही, मला समोर उभं केलं आणि आधी पाणी का काढायचं ते सांगितलं. मी म्हटलं, महिनाभर जीभ गहाण होती का? तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही. मशीन कालपासून एकदाही अडलेलं नाही, मी दांड्याकडे बघतसुद्धा नाही. आणि इस्त्री काय म्हणतो माहीत आहे? "बघा, घडीच्या टेबलावर जायचं ठरल्यापासून कसं नीट चालवतात." म्हणजे बसलं तरी माझ्यामुळे, चाललं तरी माझी खोड मोडली म्हणून.

मग मी आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं. म्हटलं, दांडा मी ओढला. चालू खेपेत ओढला. मला कोणी ओढायला सांगितलं नव्हतं, मी कोणाला विचारलं नव्हतं, आणि लांबडीचं तोंड भाजलं असतं तर ते माझ्यामुळे. हे माझं. याबद्दल जे करायचं ते कर. पण त्याआधी रोज दुपारी मशीन बसत होतं ते माझं नाही, ते प्रोग्रॅमचं. त्यासाठी तू मला ड्रमवरून काढतोयस, पाण्यासाठी नाही. कागद तू पाणी सांडायच्या आधीपासून लिहायच्या घाईत होतास.

लांबडी म्हणाली, "बरोबर आहे." तिने माझी बाजू घेतली हे तू कुठेतरी लिहून ठेव, पुन्हा होणार नाही.

इस्त्रीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ज्यांचं मशीन आहे त्यांनी तसं लिहून दिलं तर बघू." तो बघू म्हणाला, ठेवीन म्हणाला नाही. मला कळतं. पण आजवर एवढंही म्हणाला नव्हता.

तर आता तुझं. तू पत्रात तुझ्या त्या तीन जागांचं मला लिहिलंस. मला नको लिहू, मी काय करू त्याचं? त्याला लिही. पहिलं वाक्य आहे तसंच ठेव, दांडा मी ओढला, त्यात एक अक्षर माझ्या बाजूने घालू नको. माझं कौतुक केलंस तर फाडीन. दुसरं वाक्य बदल. दोष होता, तो आमच्या प्रोग्रॅममध्ये होता, ड्रमवालीचा त्यात हात नव्हता, अमुक तारखेला काढला. गाडी नि बोळ नको, त्याला समजणार नाही आणि तो तेवढ्यावरून वेळ काढेल.

नोकरी जाईल म्हणशील. जाईलही. मी खोटा धीर देणार नाही, तुझ्या साहेबाला मी बघितलेलं नाही. तुझा बाप मला शिव्या घालेल, त्या मी खाईन. तू कच्ची आहेस, घरभाडं आहे, मला सगळं कळतं. मी घडीच्या टेबलावर गेले तर मरणार नाही, चौकोनी घड्या मलाही येतात. त्यामुळे तू नाही म्हणालीस तर मी तुझं तोंड बघणार नाही असलं काही म्हणत नाही. पण मग तसं सांग. साहेबाच्या मजकुरावर सही करणार असशील तर आधी मला कळव, म्हणजे इस्त्री ते माझ्यासमोर वाचून दाखवेल तेव्हा खालची सही बघून मी चकित होणार नाही. गप्प तेवढी बसू नको. इथे सगळे दुसरा बोलेल म्हणून गप्प बसले, त्याचं काय झालं ते तू वाचलंस.

सोमवारी सकाळी मेव्हणी अंगठ्या काढून येणार आहे म्हणे. शनिवारी दुपारचं टपाल इस्त्रीच्या टेबलावर मीच नेऊन ठेवते. त्यात तुझं पत्र पाहिजे. साहेबाची सही नसली तरी चालेल, तुझी पाहिजे. नाहीतर मला एका ओळीत नाही म्हणून लिही. हो की नाही, पण शनिवारी.

आत्या